कोपरा कापणाऱ्याची भाऊबीज

मी कोपऱ्या बोलतोय. हसलात ना? हसा. हे नाव मी मागून घेतलेलं नाही, गोपाळनं ठेवलं आणि तेच चिकटलं. जाड कागदाचा कोपरा नक्षीदार कापायचं मी एक पोलादी हत्यार आहे. उंची टीचभर, वर हातोडा बसायला सपाट डोकं आणि खाली तीन वळणांची धार. कागदाच्या कोपऱ्यावर मला उभा धरायचा, डोक्यावर एक घाव घालायचा, की कोपरा सुटून बाजूला पडतो आणि कडेला तीन पाकळ्या उमटतात. बस्स, एवढंच काम. दुसरं काही मला येत नाही, आणि जे येतं त्यानंच एका बहीणभावाचा घात केला. तेच सांगायला तोंड उघडलंय.

माझा जन्म १९२८ सालचा, जुन्या हुबळीतला. तिथल्या एका बोळात बाबाजी लोहार चांभारांची हत्यारं करून द्यायचा. त्याआधी मी कानस होतो. दात झिजले म्हणून त्याच्या अडगळीत पडून होतो. एक दिवस गोपाळ आला. छापखान्यात पुस्तकं बांधणारा, विशीतला, किडकिडीत, बोटांना सदा खळ लागलेली. कुणा साहेबाकडून मागून आणलेलं एक विलायती कार्ड त्यानं बाबाजीपुढं धरलं. त्याचे कोपरे पाकळीदार कापलेले होते.

"असा कोपरा कापणारं हत्यार पाहिजे," गोपाळ म्हणाला.

"का रं बाबा, कात्री न्हाई तुज्याकडं?"

"कात्रीनं दर कोपरा निराळा होतो, बाबाजी. मला शंभर कार्डांना एकच कोपरा पाहिजे."

"शंभर! कुणाला धाडतोस एवढी? हाय कोण तुला?"

"मला एक अक्का हाय," गोपाळ म्हणाला, "बाकीची ज्यांना कुणी हाय त्यांच्यासाठी."

बाबाजीनं मला तापवला, ठोकला, पाण्यात बुडवला, कागदावर मारून बघितला आणि शिवी घालून पुन्हा भट्टीत टाकला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा धार जमली तेव्हा तो गोपाळला म्हणाला, "घे. पण असला दुसरा कर म्हणून माझ्या दारात येऊ नकोस." त्यामुळं माझ्यासारखा दुसरा झालाच नाही. कात्रीला दोन पाती असतात, सुईला दोरा असतो, जात्यालाही वरची आणि खालची तळी असते. मला जोडीदार नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण गोपाळ होता.

गोपाळची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तो दोन वर्षांचा असताना आई गेली, मागोमाग बाप गेला. सांभाळायला उरली थोरली बहीण मथुरा, ती दहा वर्षांची. तिचं लग्न झालं अळणावरजवळच्या एका खेड्यात, अप्पाजी नावाच्या शेतकऱ्याशी. सासरी जाताना पोरी भांडीकुंडी नेतात, हिनं भाऊ नेला. सासूनं नाक मुरडलं, पण अप्पाजी भला माणूस. तो म्हणाला, राहू दे, दोन घास जास्त रांधायचे. मथुराला पुढं मूलबाळ झालं नाही. जे काही लेकरू होतं ते हे गोपाळच. तिला सगळे मथुरा म्हणायचे, गोपाळ मात्र अक्का म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून ऐकून ऐकून मीही मनात अक्काच म्हणतो.

हुबळीत गोपाळची एक खोली होती. दिवसभर छापखान्यात काम, आणि संध्याकाळी माझ्याशी. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना लावायची ती लाटालाटांची रंगीत अबरी तुम्ही पाहिली असेल. तिचे उरलेले तुकडे तो गोळा करून आणायचा. निळी अबरी, शेंदरी अबरी, पतंगाचा कागद, बेगड. जाड कागद कार्डाएवढा कापायचा, त्यावर अबरी डकवायची, मधे पांढऱ्या कागदाची खिडकी सोडून तिथं बोरूनं 'दिवाळीचे अभीष्टचिंतन' लिहायचं. मग माझी पाळी. लाकडी ठोकळ्यावर कार्ड, कार्डावर मी, आणि डोक्यावर घाव. ठक! ठक! ठक! ठक! चार कोपरे, चार घाव. तो कानडीतलं काहीतरी गुणगुणायचा आणि मी ठेका धरायचो. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणजे ते घाव.

हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवर श्रीकांतअण्णांचं वही-पेन्सिलींचं दुकान होतं, तिथं आमची कार्डं विकायला असत. धारवाडचे वकील, मास्तर, कचेरीतले लोक न्यायचे. माणसांची एक गंमत गोपाळ मला सांगायचा. जे नातं लांबचं, त्याला कार्ड मोठं आणि भारी लागतं. दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या मित्राला लोक टपालानं कार्ड धाडतात आणि उत्तराचं कार्ड येईपर्यंत वाट बघतात. चालत गेला असता तर चहा तरी मिळाला असता की नाही?

अक्काला मात्र सहा वर्षांत एकही कार्ड गेलं नाही. गरजच नव्हती. भाऊबीजेला गोपाळ स्वतः जायचा. सकाळची गाडी धरून अळणावर, तिथून पायी. अक्का अभ्यंगाचं तेल घेऊन तयारच असे. न्हायला घालायची, पाटावर बसवायची, ओवाळायची, आणि "यंदा तरी बायकू आण" म्हणून कान पिळायची. परत आला की तो खोलीत शिरल्या शिरल्या मला सांगायचा, "कोपऱ्या, अक्कानं आज सात करंज्या खायला लावल्या." आता लोखंडाला करंजीचं काय कळणार? पण ऐकायला बरं वाटायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. शुभ पत्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावतात. मयताची बातमी असली तर पत्राचा कोपरा फाडतात. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही कोपरा पाहून कळावं म्हणून. तसलं पत्र घरात घेत नाहीत. दाराबाहेरच फाडून टाकतात आणि आंघोळ करतात. गोपाळला हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर तो चारही कोपरे सारखे कापायचा. चारही कापले की ती नक्षी दिसते, कुणाला भलता संशय येत नाही.

१९३४ साली श्रीकांतअण्णा एक नवं विलायती कार्ड घेऊन आले. त्याचा एकच कोपरा कापलेला, आणि त्या कापातून मागं चिकटवलेला सोनेरी कागद डोकावत होता.

"हे बघ, ह्याला म्हणतात फॅशन," ते म्हणाले. "रेल्वेच्या साहेबांना नाताळची कार्डं हवीत. तीनशे. बेग माडप्पा गोपाळ, लवकर कर! दिवाळीची सुट्टी बिट्टी विसर."

"भाऊबीजेला मी गावाला जातो, अण्णा."

"एक वर्ष नाही गेलास तर काय आभाळ कोसळतंय? बहिणीला झकास कार्ड पाठव की. कार्डं करणारा तू, आणि तुझ्या बहिणीला कार्ड नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

हे बोलणं गोपाळला लागलं. त्याला खरंच वाटलं, आपण जगाला कार्डं पुरवली आणि अक्काला दिलं नाही. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या मनात खोट नव्हती.

अक्काचं कार्ड त्यानं जिवापाड केलं. गर्द निळी अबरी लावली, मोरपिसासारखी. वर उजव्या कोपऱ्यावर मला ठेवला आणि इतक्या हळू घाव घातला की मलाही नवल वाटलं. त्या कापाच्या मागून सोनेरी कागदाचा तुकडा चिकटवला आणि त्या सोनेरी कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं. मधे लिहिलं, 'अक्का, यंदा येता येत नाही. नाताळ झाला की येतो. तुझा गोपाळ.' दिसत होतं मोठं देखणं, खोटं कशाला बोलू?

चूक इथंच झाली. खळीनं चिकटवलेला कागद रात्रभर दाबाखाली ठेवावा लागतो. वर वजन, खाली पाट. तेव्हा कुठं तो धरतो. पुस्तकं बांधणाऱ्याला हे मी सांगायला हवं का? पण टपालाची वेळ होत आली होती आणि दिवाळीत पत्रं उशिरा पोचतात. त्यानं अंगठ्यानं तुकडा दाबला, फुंकर घातली आणि पळत सुटला. पाकिटातही घातलं नाही, कारण अक्काला बंद पाकिटाची धास्ती वाटायची. बंद पाकीट म्हणजे कोर्टाचं, असं तिच्या डोक्यात बसलेलं. म्हणून उघडंच कार्ड, मागं पत्ता आणि तिकीट.

भाऊबीजेच्या दिवशी आम्ही काम करत होतो. गोपाळ मधेच थांबून म्हणाला, "आता अक्का मास्तरांकडून वाचून घेत असेल बघ." आणि हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दोन माणसं उभी राहिली. एक पुरुष आणि एक बाई. बाईचे पाय धुळीनं भरलेले, केस मोकळे, तोंड सुजलेलं. गोपाळ हातोडा उगारून होता. तो तसाच राहिला.

"अक्का! तू? अगं, अशी कशी आलीस? कार्ड मिळालं का माझं?"

बाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती उंबऱ्यावर मटकन खाली बसली. अप्पाजी भिंतीला धरून उभा होता. त्याच्या तोंडातून "अय्यो देवरे, अय्यो देवरे" एवढंच येत होतं. शेजारच्या गोदूबाई धावत आल्या. "नीर कोडरी, आधी पाणी द्या तिला!" असं म्हणून त्यांनी स्वतःच तांब्या आणला.

अक्का पाणी प्याली नाही. तिनं गोपाळला ओढून खाली बसवलं, त्याचा चेहरा चाचपला, कान चाचपले, छातीवर हात ठेवून बघितला. मग फाडकन त्याच्या थोबाडीत मारली.

"मेलास म्हणून रडत आले रं! सबंध वाट रडत आले! आता जित्ता हाईस म्हणून काय करू, सांग!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिनं पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, ताटात निरांजन लावून ती वाट बघत बसली होती. गोपाळ येणार नाही हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तेवढ्यात शेजारचा एक माणूस अळणावरच्या बाजारातून आला. गावाचं टपाल त्याच्याकडंच येई. तो अंगणाच्या बाहेरच थांबला, मान खाली घालून. त्याच्या हातात निळं कार्ड होतं आणि कार्डाला एक कोपरा नव्हता. सोनेरी तुकडा पावसाच्या ओलीनं वाटेत कुठंतरी गळून पडला होता, त्यावरच्या हळदकुंकवासकट. वाचणारे मास्तर दिवाळीच्या सुट्टीत धारवाडला गेलेले. अप्पाजी म्हणाला, अळणावरला जाऊन वाचून घेऊ. पण ते पत्र घरात कसं न्यायचं? शेजाऱ्यानं रीतीप्रमाणं तिथंच त्याचे चार तुकडे केले आणि ओढ्यात टाकले. कार्ड हुबळीचं, एवढं टपालकचेरीतून कळलं होतं; आता हुबळीहून मयताचं पत्र येणार ते कुणाचं? तिथं गोपाळशिवाय तिचं होतं कोण?

"आन् मी माझ्या हातानं दिवा विझवला," अक्का म्हणाली. तिनं उजवा हात उघडून दाखवला. तळव्यावर भाजल्याचा फोड होता. जळती वात तिनं मुठीत चिरडली होती. "तुला ओवाळायला लावलेला दिवा, गोपाळा. मी विझवला."

गोपाळ रडत होता, पण त्याला वाटलं, झालं गेलं, जिवंत आहे ना मी? तो डोळे पुसून म्हणाला, "मग आता ओवाळ की, अक्का. आजच भाऊबीज समजू. गोदूबाई ताट देतील."

गोदूबाई उठल्याही होत्या. अक्कानं त्यांना हातानं थांबवलं.

"न्हाई. भावासाठी लावलेला दिवा बहिणीनं विझवला की भावाचं आयुष्य त्या हातात राहात न्हाई. ह्या हातानं आता तुला ओवाळायचं न्हाई. मी लांब राहीन, पण तू जग."

"असं काही नसतं, अक्का!"

"नसू दे. मी एकदा तुला मेलेला बघितलाय. पुन्हा बघायचा न्हाई मला."

जाताना तिची नजर माझ्यावर पडली. मी ठोकळ्यावर उभा होतो, धारेला निळ्या कागदाचा धागा अडकलेला. "ह्यानंच कापलं?" तिनं विचारलं. गोपाळनं मान हलवली. ती पाठ फिरवून अप्पाजीमागं निघाली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहेबांची तीनशे कार्डं कधीच पुरी झाली नाहीत. त्या रात्रीच गोपाळनं मला एका फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. श्रीकांतअण्णा ओरडत आले, तेव्हा तो म्हणाला, "हत्यार हरवलं." मी डब्यातून ऐकत होतो. खोलीत हातोड्याचा आवाज यायचा, पण तो दुसऱ्या कामाचा, पुस्तकांच्या पाठी ठोकण्याचा. माझ्या डोक्यावर कुणी घाव घालीना. तुम्हाला वाटेल, मार चुकला तर चांगलंच की! अहो, ज्याचा जन्मच घावासाठी, त्याला न मारणं हीच शिक्षा. डब्यातला अंधार, फडक्याचा कुबट वास आणि मी. अशी बारा वर्षं गेली.

त्या बारा वर्षांत गोपाळनं एकही भाऊबीज चुकवली नाही. तापात असला तरी जायचा. अक्का त्याला न्हायला घालायची, शेंगांच्या पोळ्या करून वाढायची, पाठीवरून हात फिरवायची. सगळं पहिल्यासारखं. फक्त दिवा लागला की ती ताट घेऊन अंगणात जायची आणि चंद्राला ओवाळायची. जिला भाऊ नाही, ती बाई चंद्राला ओवाळते. हिचा भाऊ आत चौकटीला टेकून उभा असायचा आणि हिच्या पाठीकडं बघत राहायचा.

परत आल्यावर तो वर्षातून तेवढा एकदा माझा डबा उघडायचा. बोलायला दुसरं होतं कोण? लग्न दोन ठिकाणी ठरता ठरता राहिलं आणि मग त्यानं नाद सोडला. मला फडक्यातून काढून तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "यंदाबी चंद्रालाच." एके वर्षी तो धारवाडहून बाळाचार्यांना घेऊन गेला, मोठे शास्त्री. त्यांनी अक्काला समजावलं, बाई, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. अक्का पदर डोक्यावर घेऊन नम्रपणे म्हणाली, "शास्त्र तुमचं खरं, आचार्य. पण भाऊ माझा हाय." बाळाचार्य जेवून परत आले.

आणि गोपाळला काय हवं होतं हो? ओवाळणं किती वेळाचं? तीन फेरे. कपाळाला एक बोट कुंकू. "कोपऱ्या, माझं आयुष्य वाढलं काय आन् कमी झालं काय, मला त्याचं काही न्हाई," तो एकदा म्हणाला. "तिनं एकदा माझ्याकडं बघून ताट फिरवावं, एवढंच." मी त्याच्या अंगठ्याखाली गप्प पडून होतो. माझी चूक होती आणि मला माफी मागायला जीभ नव्हती.

१९४६ च्या श्रावणात गोपाळला विषमज्वर झाला. एकवीस दिवस काढले. गोदूबाईंनी आणि छापखान्यातल्या गोविंदनं रात्रंदिवस केलं. अक्काला कळवू का, असं गोविंदनं चारदा विचारलं. गोपाळ नको म्हणायचा. बरा होऊन भाऊबीजेला जाईन म्हणायचा. शेवटच्या दिवशी त्याला कळून चुकलं असावं. तो गोविंदचा हात धरून म्हणाला, "अक्काला कार्ड घालू नको. माणूस पाठव." मग अर्ध्या तासानं तो गेला.

गोविंद स्वतः गेला. त्यानं परत येऊन गोदूबाईंना सांगितलं ते मी ऐकलं. अक्का ओक्साबोक्शी रडली नाही. अंगणातच बसून राहिली आणि म्हणाली, "ह्याच्यासाठी मी बारा वर्सांमागंच रडून घेतलंय. आता डोळ्यांत काय उरलंय?" मग तिनं गोविंदला विचारलं, त्याला शेवटी तहान लागली होती का, आणि पाणी कुणी दिलं.

गोपाळच्या सामानाचं एक गाठोडं झालं. दोन धोतरं, एक कोट, लाकडी हातोडा आणि माझा डबा. गोविंदनं ते अक्काकडं पोचतं केलं. असा मी हुबळी सोडून ह्या खेड्यात आलो. अक्कानं डबा उघडला, फडकं सोडलं, मला उचलून उजेडात धरलं. मला वाटलं, आता ही मला विहिरीत फेकणार. फेकलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

"तूच न्हवं का कोपरा कापलास?" ती म्हणाली. "आन् तूच आलास घरला. तो न्हाई आला."

तिनं मला फेकलं नाही. माझ्या अंगावर गोपाळचा अंगठा जिथं टेकायचा तिथं लोखंड झिजून गुळगुळीत झालंय. तिथं तिनं स्वतःचा अंगठा ठेवला.

भाऊबीज आली. अप्पाजी शेतावरून लवकर परतला आणि ओसरीवर बसला. मला वाटलं, आता ही ताट घेऊन चंद्राकडं जाणार. पण अक्कानं घरात पाट मांडला. पाटाभोवती नीट रांगोळी काढली. आणि मला आणून त्या पाटावर उभं केलं. एवढ्या मोठ्या पाटावर मी, टीचभर. माझ्या सपाट डोक्याला, जिथं घाव बसायचे तिथं, तिनं कुंकवाचं बोट टेकवलं. अक्षता टाकल्या. निरांजन लावलं. तळव्यावर तो जुना डाग होता, त्याच हातात तिनं ताट धरलं.

"आता कशाला भ्यायचं, गोपाळा?" ती म्हणाली. "आता तुला आणखी काय व्हायचं राहिलंय?"

तिनं ताट फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्याकडं बघून. बारा वर्षं तो ज्याच्यासाठी चौकटीला टेकून उभा राहिला, ते सगळं मला मिळालं. मी तिला ओरडून सांगणार होतो, अक्का, अगं हा मी आहे, तो नाही, मी कापणारा आहे! पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? बाहेर ओसरीवर अप्पाजी तोंडावर पंचा दाबून रडत होता.

गेल्या सालीही तसंच झालं. मधल्या दिवसांत मी कोनाड्यात असतो, कुंकवानं आणि दमटपणानं अंगाला गंज चढतोय. माझी धार गेली. आता माझ्यानं पतंगाचा कागदसुद्धा कापवणार नाही. अक्काची नजरही अधू झाली आहे. परवा ती अप्पाजीला विचारत होती, दिवाळीला किती दिवस राहिले. तेल काढून ठेवलंय तिनं.

म्हणून तुम्हाला हात जोडायचे आहेत, हात नसले तरी. तुमच्यापैकी कुणी यंदा भाऊबीजेला ह्या बाजूला आलात तर अळणावरला उतरून मथुराअक्काचं घर विचारा. कुणीही सांगेल. आधी कार्ड पाठवू नका, तुम्हीच या. कुठल्या जातीचे, कुठल्या गावचे, काही हरकत नाही. आत शिरा, मला उचलून कोनाड्यात ठेवा आणि पाटावर तुम्ही बसा. ती ताट फिरवील तेव्हा फक्त एकदा तिला 'अक्का' म्हणा. मला ते म्हणता येत नाही.